बोळा ठासणं आणि टाके घालणं: प्रथमोपचार कुठे संपतो, शस्त्रक्रिया कुठे सुरू होते

"माणूस डोळ्यांदेखत मरतोय, डॉक्टर पोचणार नाहीत, मग शिकलेलं नसलं तरी कापून बघायला काय हरकत आहे?" हा प्रश्न नाना रूपांत पुन्हापुन्हा येतो आणि दरवेळी त्याची चर्चा धाडसावर घसरते. हात थरथरत नसेल, पाती उकळून घेतली असेल, फोनवर कोणी सांगत असेल, तर जमेल म्हणे. मुळात घोळ वेगळाच आहे. तातडीचा प्रथमोपचार आणि तातडीची शस्त्रक्रिया या एकाच जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या आहेत असं धरून लोक बोलतात. खालची जमली की थोडं धाडस करून वरची गाठता येईल, असा हिशोब. हा हिशोब चुकीचा आहे आणि त्याने माणसं मरतात.

प्रथमोपचाराचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो भराभर उरकतो. श्वास आणि हालचाल थांबली की छातीच्या मध्यावर 5 ते 6 सेंमी खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब. बेशुद्ध पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवणं. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं. रुतलेली वस्तू जागच्या जागी ठेवणं. पोट फाटून आतडं बाहेर आलं तर ते आत न ढकलता स्वच्छ ओल्या कापडाने झाकणं. पुढे चला.

लोक खरे अडखळतात ते रक्तस्रावापाशी, कारण इथे दिसतं एक आणि असतं भलतंच. जखमेत बोटं घालून कापड ठासणं बघायला शस्त्रक्रियेसारखं वाटतं, म्हणून लोक कचरतात. सुई-दोऱ्याने जखम शिवणं घरगुती, सभ्य काम वाटतं, म्हणून पुढे सरसावतात. प्रत्यक्षात पहिला प्रथमोपचार आहे आणि दुसरी शस्त्रक्रिया. ओळखायची खूण सोपी आहे: शरीरात नवं छिद्र पाडत असाल किंवा असलेलं छिद्र बंद करत असाल, तर तुम्ही शस्त्रक्रिया करताय. जे छिद्र आधीच पडलंय तिथे नुसता दाब देऊन वेळ मिळवत असाल, तर तो प्रथमोपचार.

आता बोळा ठासणं जवळून बघू. समजा, जांघेत खोल वार झालाय. तिथे वरच्या बाजूला आवळपट्टी (रक्त थांबवायला हाता-पायाभोवती पिळून आवळायची पट्टी, टूर्निके) बांधायला जागा नाही, काखेत आणि मानेच्या बुडाशीही नसते. साठ किलोच्या माणसात साधारण 4.2 लिटर रक्त असतं, त्यातलं पावणेदोन लिटर गेलं की जीव धोक्यात. मांडीची मुख्य धमनी तुटली तर एवढं जायला काही मिनिटं पुरतात. कपडे फाडून जखम उघडी करा, साचलेलं रक्त पुसून काढा आणि बोटाने चाचपडा: जिथे गरम धार बोटावर आदळते ती जागा. गॉजची लांब पट्टी असेल तर उत्तम, नसेल तर स्वच्छ सुती कापडाची हातभर लांब पट्टी. तिचं टोक त्या धारेवरच दाबायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाने पुढची घडी आत सरकवायची, मग पहिल्याने त्यापुढची. एक बोट कायम दाबून धरलेलं हवं. दाब हाडाच्या दिशेने. जखम गच्च भरून कापड वर दोन-तीन सेंमी येईपर्यंत ठासायचं, मग दोन्ही तळहात, कोपरं ताठ, अंगाचं वजन टाकून सलग 10 मिनिटं. मध्ये उचलून "थांबलं का?" बघायचं नाही, धरू लागलेली गुठळी त्यानेच सुटते. जखमी ओरडेल. वेदना होणं म्हणजे काही चुकतंय असं नाही.

यात चूक होते ती जवळजवळ नेहमी एकच. कापडाचा ढीग जखमेवर नुसता रचला जातो. तो रक्त शोषतो, धमनीवर दाब मात्र काहीच देत नाही. वरचं कापड लाल झालं की आणखी एक, मग आणखी एक, आणि रक्त जातच राहतं. ठासायचं आतल्या धारेवर, वरच्या तोंडावर नाही. आणि हे फक्त हात-पाय, जांघ, काख आणि मान एवढ्यांपुरतं. छातीत किंवा पोटात कापड ठासायचं नाही. तिथे मागे टेकायला हाड नाही, आत पोकळी आहे.

हाता-पायावर आवळपट्टी चालते. जखमेच्या वर, धडाच्या बाजूला 5 ते 8 सेंमी, सांध्यावर नाही. पट्टी किमान 4 सेंमी रुंद, गाठीत काठी अडकवून पिळायची, रक्त थांबेपर्यंत. दोरी किंवा तार नको, ती मांसात रुतते. कमरेचा पट्टा सगळ्यांना आठवतो, पण नुसत्या हाताने ओढून तो पुरेसा आवळला जात नाही. अर्धवट आवळलेली पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षाही वाईट, कारण पातळ भिंतीच्या शिरा दबतात, धमनी उघडीच राहते. रक्त अवयवात जात राहतं, परतू शकत नाही आणि जखमेतून जास्तच वाहतं. बांधल्याची वेळ लिहा. अधूनमधून सैल करण्याचा जुना सल्ला सोडून द्या. दोन तासांपर्यंत अवयव सहसा तग धरतो.

आता सुई-दोरा. याविरुद्ध मी ठामपणे बोलतो, कारण चांगल्या हेतूने केलेलं इतकं नुकसान दुसऱ्या कशात नाही. टाके रक्त थांबवण्यासाठी नसतातच. कातडी वरून जुळली तरी तुटलेली रक्तवाहिनी खाली वाहत राहते. फरक इतकाच की आता ती दिसत नाही. सर्जन आधी ती वाहिनी शोधून चिमट्यात पकडतो, बांधतो, आणि कातडीकडे सर्वांत शेवटी वळतो. दुसरं, मळलेली जखम बंद केली की माती, कापडाचे धागे आणि मेलेलं मांस हवेवाचून आत कोंडलं जातं. धनुर्वात आणि वायुजन्य कोथ (गॅस गँग्रीन) यांच्या जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं. म्हणूनच युद्धातल्या जखमा निष्णात सर्जनसुद्धा साफ करून मुद्दाम उघड्या ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी, संसर्ग नाही हे बघून, शिवतात. तिसरं, बोटं हलतात का, स्पर्श कळतो का हे न तपासता शिवलं की तुटलेला स्नायुबंध किंवा चेतातंतू तसाच झाकला जातो आणि पुढे हात कायमचा कामातून जातो.

रक्त थांबलेली जखम शिवायची घाई कधीच नसते. जखमेच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे 50 ते 100 मिलिलिटर पिण्याजोगं पाणी धारेने सोडून धुवा, स्वच्छ पट्टी बांधा, थांबा. चाव्याची आणि खोल टोचल्याची जखम तर चिकटपट्टीनेसुद्धा बंद करू नका. तापवलेल्या सुरीने डाग देणं आणि गोळी खोदून काढणं याबद्दल एवढंच: डाग दिल्याने मोठी धमनी बंद होत नाही, जळलेलं मांस मात्र संसर्गाला मिळतं, आणि गोळी काढणं हा उपचारच नव्हे, रुग्णालयातसुद्धा कित्येक गोळ्या शरीरात तशाच ठेवल्या जातात. इजा गोळीने केलेल्या वाटेची असते.

मग पोट उघडायची वेळ आली तर? इथे घड्याळ बघायला शिका. मिनिटांत मारणाऱ्या गोष्टी म्हणजे वाहती धमनी, अडकलेला घास, थांबलेलं हृदय. त्यांवर बिनशिकलेल्या हातांना जमणारा इलाज बाहेरूनच होतो. जिथे खरोखर सर्जन लागतो, उदाहरणार्थ अपेंडिक्स, तिथे बहुधा तास हाताशी असतात, आणि ते तास माणूस हलवण्यासाठी वापरायचे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अपेंडिक्सच्या 1,552 प्रौढ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना फक्त प्रतिजैविकं दिली. त्यांतल्या दहापैकी सुमारे सात जणांना पहिल्या 90 दिवसांत शस्त्रक्रिया लागली नाही. बिनशिकलेल्या हाताने पोट फाडून एवढं यश मिळणं अशक्य. शिवाय अपेंडिक्सचं टोक प्रत्येकात वेगळीकडे असतं, पुष्कळदा मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं. भुलेविना कापलं तर पोटाचे स्नायू आवळतात आणि आतडी जखमेतून बाहेर ढकलली जातात. भूल द्यावी तर तिचाही हिशोब आहे: जागा बधिर करणाऱ्या साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे साधारण 4.5 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 1 टक्क्याचं फार तर 27 मिलिलिटर. त्यापुढे झटके येतात, हृदयाची लय बिघडते.

एक कठीण प्रसंग उरतोच: अपघातात प्लीहा फाटली, रक्त पोटात साठतंय, वेळ कमी आहे. इथे बाहेरून काही जमत नाही हे खरं. पण उघडल्याने काय होतं ते ऐका. पोटाची बंद भिंत आणि आत साठलेलं रक्त मिळून त्या फाटलेल्या जागेवर थोडाफार दाब ठेवत असतात. आतलं आवरण कापलं की तो दाब क्षणात जातो, रक्तस्राव उसळतो आणि रक्तदाब कोसळतो. सर्जनलाही हे ठाऊक असतं, म्हणून तो पाती लावण्याआधी रक्ताच्या पिशव्या, भूलतज्ज्ञ आणि शोषक नळी तयार ठेवतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. माणूस आडवा, उबदार, तोंडाने काही न देता आणि वाहन लगेच: यापलीकडे काहीही केलं तरी त्याची संधी कमीच होते.

यावर हमखास पुढे येतो तो घास अडकला की श्वासासाठी गळ्यात पेन खुपसण्याचा प्रकार. कंठमण्याखाली दोन कूर्चांमध्ये जेमतेम एक सेंमी उंचीचा पडदा असतो. तिथून वाट करण्याची क्रिया खरी आहे आणि शिकलेले लोक ती करतात. चुकून खाली गेलं तर अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या रक्तवाहिन्या, खोल गेलं तर अन्ननलिका, बाजूला गेलं तर हवा कातडीखाली भरते आणि मान फुगून खुणाच हरवतात. प्रौढांसाठी तिथे साधारण 6 मिमी आतल्या व्यासाची नळी वापरतात. नळीचा व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा सुमारे 16 पट होतो, म्हणजे पेनाच्या कांडीतली रिफिलपुरती वाट कितीशी पुरणार! अडकलेला तुकडा त्याही खाली असेल तर सगळंच व्यर्थ. त्याऐवजी पाठीवर 5 थापा, मग पोटावर 5 झटके, आळीपाळीने. गरोदर बाई किंवा एक वर्षाखालचं बाळ असेल तर झटके छातीवर. माणूस कोसळला तर छातीचे 30 दाब, तोंडात डोकावून दिसत असेल तेच काढणं, 2 श्वास, पुन्हा दाब. त्या दाबानेसुद्धा घास सुटतो. आंधळेपणाने बोट घालू नका, तुकडा आत जातो.

बिनडॉक्टरी शस्त्रक्रियेचे दाखले म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत मात्र हटकून एक तपशील गळतो. 1961 साली अंटार्क्टिकात स्वतःचं अपेंडिक्स काढणारा लिओनिद रोगोझोव्ह सर्जनच होता; हत्यारं हातात देणारे आणि आरसा धरणारे तेवढे बिनशिकलेले. त्याच्याहीकडून आतड्याला इजा झाली आणि ती त्याने शिवली, कारण शिवायला येत होतं. 1942 साली सीड्रॅगन या अमेरिकन पाणबुडीत वाकवलेल्या चमच्यांनी जखम ताणून धरून अपेंडिक्स काढणारा व्हीलर लाइप्स डॉक्टर नव्हता, पण नौदलाचा वैद्यकीय कर्मचारी होता आणि त्याआधी त्याने शस्त्रक्रियांत मदतनीस म्हणून काम केलं होतं. 2008 साली काँगोत मोबाइलवरच्या संदेशांच्या आधारे एका मुलाचा हात खांद्यासकट काढणारा डेव्हिड नॉट रक्तवाहिन्यांचा सर्जन. त्याला नवी होती ती फक्त ही एक शस्त्रक्रिया. 'डॉक्टर नाही' आणि 'काहीच शिकलेलं नाही' यांत मोठी दरी आहे. मोझांबिकमध्ये तर डॉक्टर नसलेले तंत्रज्ञ वर्षानुवर्षं सिझेरियन करतात, पण तीन वर्षांचं प्रशिक्षण घेऊन.

वाहन आलं की सर्जनपर्यंत तीन गोष्टी पोचू द्या, शक्यतो कागदावर: आवळपट्टी किती वाजता बांधली, जखमेत कापडाचे नेमके किती तुकडे ठासले, आणि माणसाने शेवटचं काय आणि कधी खाल्लं-प्यायलं. तुकड्यांची संख्या विसरू नका. रक्तात भिजलेलं कापड मांसासारखंच दिसतं आणि आत राहिलेल्या एका तुकड्याने पुढे पू होतो.