बटाट्याचे घरचे बेणे (पुणे परिसर)

आपल्याच वावरातल्या पिकातून निवडून पुढच्या लागवडीसाठी राखलेल्या बटाट्यांना घरचे बेणे म्हणतात. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, विशेषतः सातगाव पठारावर, बटाट्याचे पीक मोठे आहे. तिथले बरेचसे बेणे मात्र पंजाबातून येते. त्याचे कारण इथल्या हवेत आहे. या हवेत मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) फोफावतो. तो पानमुरड आणि इतर विषाणू पसरवतो, ते बटाट्यातून पुढच्या पिकात उतरतात आणि उत्पन्न दर हंगामाला घटत जाते. म्हणून घरचे बेणे दोन-तीन हंगामच चालवावे. मग प्रमाणित बेणे आणून नव्याने सुरुवात करावी.

काढणीनंतर बटाटा साधारण ८ ते १० आठवडे सुप्तावस्थेत असतो, कोंब काढत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला रब्बीचा बटाटा जून-जुलैच्या खरीप लागवडीला आपोआप तयार होतो. खरिपाचा बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. तो लगेच रब्बीत लावला तर उगवण विरळ आणि मागेपुढे होते. रब्बीचे बेणे पुढच्या रब्बीसाठी ठेवायचे असेल तर २ ते ४ अंश सेल्सियसचे शीतगृहच हवे.

निवड झाड उभे असतानाच करावी. ढिगातून बारीक बटाटे वेचून बेण्याला ठेवणे ही सर्वांत घातक चूक आहे, कारण विषाणूग्रस्त झाडाला बटाटे बारीकच लागतात. म्हणजे नकळत रोगाचीच निवड होते. फुलोऱ्यात जोमदार झाडांना खुणेची काडी लावावी. पाने वर वळलेली, चट्टे पडलेली किंवा खुरटी झाडे बटाट्यांसकट उपटून वावराबाहेर न्यावीत. मावा वाढू लागला की पाला जमिनीलगत कापावा. त्याआधी ८-१० दिवस पाणी तोडावे आणि कापल्यावर बटाटे १५ दिवस मातीतच राहू द्यावेत. अंगठ्याने घासून साल निघाली नाही, की काढणी करावी. ३० ते ५० ग्रॅमचे, न खरचटलेले बटाटे घ्यावेत. ते धुऊ नयेत.

खरी कसोटी एप्रिल-मेची. बंद, तापलेल्या खोलीत हवा न मिळाल्याने बटाटा आतून काळा पडतो. पोत्यात थर दाबले गेले तर सड लागते. झाडाखाली किंवा छपरात रचलेली अरण, म्हणजे बटाट्यांचा ढीग, विक्रीचा माल थोडे दिवस थांबवायला ठीक आहे. बेण्याला मात्र पसरट पाट्या किंवा क्रेट, एक-दोन थर आणि थेट ऊन नसलेला उजेड हवा. उजेडात बटाटा हिरवा होतो आणि कोंब आखूड, जाड राहतात. लावायला हे उत्तम, पण हिरवा बटाटा खाऊ नये. बटाट्याच्या पतंगाची अळी डोळ्यातून आत शिरते आणि तोंडाशी काळी विष्ठा दिसते. तिला अटकाव म्हणून वर-खाली घाणेरीच्या वाळल्या पाल्याचा दोन-अडीच सेंटिमीटर थर द्यावा आणि दर आठवड्याला किडलेले वेचून काढावेत.

बांगडी रोगाबाबत हयगय नको. जमिनीतल्या जिवाणूचा हा रोग १८९२ मध्ये पुणे भागातूनच नोंदला गेला. बटाटा कापल्यावर सालीच्या आत तपकिरी कडे दिसते, दाबले की पांढरट चिकट द्रव येतो. फोड स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरली तर दुधाळ धागे उतरतात. असा एक बटाटा जरी सापडला तरी त्या वावरातले सगळे बेणे बाद समजावे. तिथे बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची दोन-तीन वर्षे लावू नये. ज्वारी, बाजरी, गहू घ्यावा.

खरिपाला शक्यतो अख्खाच बटाटा लावावा, कारण ओल्या जमिनीत फोडी कुजतात. फोडी करायच्याच असतील तर प्रत्येकीला किमान दोन डोळे आणि २५-३० ग्रॅम वजन असावे. प्रत्येक बटाट्यानंतर सुरी निर्जंतुक करावी. बांगडी सुरीवरूनही पसरते. फोडी १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणात ५-१० मिनिटे बुडवून सावलीत सुकवाव्यात.

एका गुंठ्याला ६० × २० सेंटिमीटर अंतराने साधारण ८४० बटाटे, म्हणजे ३० ग्रॅमप्रमाणे २५ किलो बेणे लागते. उन्हाळ्यातली घट धरून किमान ३५ किलो राखावे. गुलटेकडीच्या बाजारातला खाण्याचा बटाटा ऐनवेळी लावू नये: त्याचा रोगाचा इतिहास कळत नाही, आणि शीतगृहात कोंबरोधक मारलेला असेल तर तो उगवतच नाही.