कोकणातला कर्जदार आणि १९२० चा नादारी कायदा

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या कर्जबाजारी माणसाने नादारी मागायची, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं न्यायालयाकडून ठरवून घ्यायचं ठरवलं, तर त्याचा वकील आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा उघडतो. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा आहे. खोत, सावकार, गहाण पडलेली आंब्याची कलमं हा इतिहास कोकणात घरोघरी ठाऊक आहे. १९७५ मध्ये राज्याने अल्पभूधारक, शेतमजूर आणि कारागिरांना सावकारी कर्जातून सोडवलं आणि तो कायदा १९७७ मध्ये न्यायालयात टिकला. मात्र बँका आणि सहकारी संस्थांची कर्जं त्यातून वगळलेली होती, आणि पुढे कर्ज देणारे प्रामुख्याने तेच झाले.

वकिलाच्या कामाला आजचं रूप आलं ते २००२ च्या सरफेसी कायद्याने. बँकेला आता तारणाच्या ताब्यासाठी दावा लावावा लागत नाही; साठ दिवसांची नोटीस पुरते. त्या साठ दिवसांत लेखी हरकत गेली, तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली की कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला पंचेचाळीस दिवस मिळतात. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू नाही, त्यामुळे हापूसच्या बागेचा वाद सातबाऱ्यावर येतो. पीकपाहणीत कलमं लागली आहेत का, बिनशेती झाली आहे का, बागेतल्या होमस्टेचं काय, हे वकील एकेका नोंदीवर बोट ठेवून तपासतो. पतसंस्थेचा १०१ चा दाखला, म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला, आला असेल, तर त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जाण्याआधी निम्मी रक्कम भरावी लागते. ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याला ही अट म्हणजे दार बंदच.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने हे बदलायला हवं होतं. तिचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठीच लिहिलेला आहे. अर्ज दाखल होताच वसुलीला अंतरिम स्थगिती, मग परतफेडीचा आराखडा, अगदी लहान कर्जदारासाठी नव्याने सुरुवात करण्याची वेगळी तरतूदसुद्धा. पण १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. २०२१ मध्ये न्यायालयाने ही निवड वैध ठरवली. या निवडीच्या बाजूने सांगितलं जातं की कंपनी आणि तिचा जामीनदार यांची प्रकरणं एकत्र चालावीत. ते पटण्यासारखं आहे. पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दोन भावांनी भागीदारीत ट्रॉलर घेतला आणि तिसरा जामीन राहिला, तर तिघांपैकी एकालाही हे संरक्षण नाही. कंपनीच्या संचालकाने वैयक्तिक हमी दिली असेल तर त्याला आहे. आधी निसर्ग आणि मग तौक्ते, लागोपाठ दोन वर्षं वादळं सोसलेल्या किनाऱ्यावर हा फरक अन्यायाचाच वाटतो, आणि तो अजून दूर झालेला नाही.

म्हणून उरतो तो १९२० च्या कायद्याखालचा जिल्हा न्यायालयातला जुना अर्ज. कर्ज किमान पाचशे रुपये, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम, एवढ्यावर तो दाखल होतो. पण अर्ज केला म्हणून जप्ती आपोआप थांबत नाही. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे (मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाते. शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, बियाणं वाचतं. तारण दिलेल्या वस्तूवरचा बँकेचा हक्क मात्र तसाच राहतो, म्हणजे बोट गहाण असेल तर ती वाचत नाही. सरकारी देणंही सुटत नाही. चेक परत गेल्याचा फौजदारी खटला वेगळा चालतो, त्यामुळे नोटिशीनंतर पैसे भरायला मिळणारे पंधरा दिवस हातचे जाऊ न देणं हे वकिलाचं पहिलं काम.

बहुतेक प्रकरणं अर्जापर्यंत जातच नाहीत. वकील बँकेशी एकरकमी तडजोड ठरवतो, ती लेखी घेतो, आणि पैसे भरल्यावर नो ड्यूजचा दाखला तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घेतो. हा शेवटचा फेरफार राहून गेला, तर फिटलेलं कर्जही वर्षानुवर्षं उताऱ्यावर दिसत राहतं.