मूळ संख्या आणि सहमूळ संख्या: सदाशिव पेठ ते पिंपरी

सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३०, पिंपरीचा ४११०१७. या दोन संख्या सहमूळ आहेत असं मुलांना सांगितलं की "म्हणजे दोन्ही मूळ ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही, त्यांतली एकही मूळ नाही. ४११०३० म्हणजे २ × ३ × ३ × ५ × ४५६७ (यातली ४५६७ मात्र मूळ आहे, आणि तिचे अंक असे ओळीने आलेत हे मला फार आवडतं). ४११०१७ म्हणजे २९ × १४१७३.

मूळ असणं हा एकट्या संख्येचा गुण: १ आणि ती स्वतः, एवढेच दोन विभाजक. सहमूळ असणं हे दोन संख्यांमधलं नातं: दोघींचा मसावि १. म्हणून "४११०३० सहमूळ आहे का?" हा प्रश्न अर्धवट आहे. कोणाशी, ते सांगायला हवं. पिंपरीशी ती सहमूळ आहे. शिवाजीनगरच्या ४११००५ शी नाही, कारण दोघींना ५ ने भाग जातो.

खरा फरक कळतो तो तपासायला बसल्यावर. सदाशिव पेठ आणि पिंपरीचे अवयव पाडायची गरजच नाही. वजाबाकी करा: १३. दोघींना भागणारी संख्या १३ लाही भागणार, म्हणजे ती १ किंवा १३. ४११०१७ ला १३ ने भागलं तर बाकी ९ उरते. झालं, मसावि १. युक्लिडची ही रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि आजही तितकीच चपळ आहे.

आता कॅम्पचा ४११००१ मूळ आहे का ते हाताने पाहा. तिचं वर्गमूळ ६४१ च्या जरासं पुढे येतं, म्हणून ६४१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी, म्हणजे ११६ संख्यांनी, एकेक करून भागावं लागतं. १३७ ला अगदी थोडक्यात हुकतं: १३७ × ३००० = ४११०००, बाकी १. शेवटपर्यंत कशानेच भाग जात नाही. ४११००१ मूळ आहे! त्याच यादीने औंधचा ४११००७, कसबा पेठेचा ४११०११ आणि मगरपट्ट्याचा ४११०१३ हेही मूळ ठरतात. शेवटच्या दोघींत फरक दोनचाच, म्हणून त्या जोडमूळ. ही तिसरी संज्ञा सहमूळशी फार लवकर मिसळते.

दोन वेगवेगळ्या मूळ संख्या एकमेकींशी सहमूळ असतातच. पण एकच मूळ असेल तर तेवढ्यावर विसंबू नये. संदेश गुप्त ठेवणाऱ्या १९७७ च्या आरएसए कूटपद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्या घेतात, प्रत्येकीतून १ वजा करून गुणाकार करतात आणि त्या गुणाकाराशी सहमूळ अशी संख्या सार्वजनिक घातांक (संदेश कुलूपबंद करायला वापरायचा, सर्वांना उघड असलेला घात) म्हणून निवडतात. बहुतेकदा ती ६५५३७ असते. ती स्वतः मूळ आहे, तरी त्या गुणाकाराला तिने भाग जात असेल तर उलगडणारी चावी काढताच येत नाही आणि मूळ संख्यांची जोडी बदलावी लागते.