मागण्या कोणाच्या?

गेल्या हिवाळी अधिवेशनातली गोष्ट. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर शेजारच्याने पेपर माझ्यापुढे सरकवला. मथळा होता 'पुरवणी मागण्या मंजूर'. "भाऊ, ह्या मागण्या कोणाच्या व्हय? मोर्चेवाल्यायच्या का?"

प्रश्न चुकीचा असेल, बिनडोक नव्हता. अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघत असताना नागपूरकराला 'मागण्या' म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? पण ह्या मागण्या सरकारच्या. अर्थसंकल्पात धरलेला पैसा पुरत नाही, म्हणून राज्यघटनेच्या कलम २०५ प्रमाणे सरकार विधिमंडळाकडे आणखी मागतं. हा गृहस्थ रोज पेपर वाचतो, घरी बातम्यांचं चॅनेल लावून जेवतो. तरी एवढं कसं निसटलं?

'मोबाइलने वाट लावली' हे तयार उत्तर मला पटत नाही. १९४७-४८ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात सहा महिने संयुक्त राष्ट्रसंघाचा प्रचार झाला. सुमारे ६०,००० पत्रकं वाटली, रेडिओवर आठवड्याला दीडशे वेळा जाहिराती लागल्या. मोजणी केली तर शहराच्या माहितीत जेमतेम फरक, आणि प्रचार पोचला तो मुख्यतः आधीपासून रस असलेल्यांपर्यंत. १९७० मध्ये टिचेनॉर, डोनोह्यू आणि ओलियन या अमेरिकी संशोधकांनी याला 'ज्ञानदरी' म्हटलं. समाजात माहितीचा ओघ वाढला की शिकलेले ती लवकर उचलतात, बाकीचे मागे राहतात, आणि दोघांतलं अंतर वाढतं.

असं का होतं, याचं एक कारण मला बुद्धिबळाच्या पटावर दिसतं. दिव्या देशमुखच्या गावात हे उदाहरण खपून जाईल! १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी खेळाडूंना चालू डावाचा पट पाच सेकंद दाखवला आणि आठवून मांडायला सांगितला. मास्टरने सुमारे १६ सोंगट्या बरोबर ठेवल्या, नवख्याने चारेक. मग सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या. मास्टरही नवख्याच्या पंगतीत येऊन बसला! म्हणजे त्याची स्मरणशक्ती दांडगी नव्हती. आपल्याला एकावेळी मोजक्याच गोष्टी मनात धरता येतात, सगळ्यांनाच. फक्त नवख्यासाठी एक प्यादं ही एक गोष्ट, तर मास्टरसाठी किल्लेबंदी केलेला राजा, त्याचा हत्ती आणि पुढची प्यादी मिळून एक गोष्ट. जागा तेवढ्याच, पण त्याच्या प्रत्येक जागेत गठ्ठा मावतो.

बातमीचंही तसंच. ज्याच्या डोक्यात अर्थसंकल्प, सभागृह आणि खर्चाची मंजुरी यांचा गठ्ठा बांधलेला आहे, त्याला 'पुरवणी मागण्या' ही एकच सोंगटी. मग त्याचं लक्ष मोकळं राहतं आणि कोणत्या खात्याने किती मागितले तिकडे जातं. आज कळलेला आकडा उद्याच्या बातमीला खुंटी होतो. चक्रवाढ व्याजच ते. मुद्दल नसलेल्याला व्याज कुठून मिळणार?

इथे अभ्यासकांची एक पंचाईत होते. जास्त पेपर वाचणाऱ्याला जास्त माहीत असतं, पण वाचल्याने कळलं की कळत होतं म्हणून वाचलं? दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे एकदाच केलेल्या पाहणीतून ते वेगळे काढता येत नाहीत. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. शिवाय 'बातम्या किती तास पाहता' या प्रश्नाचं उत्तरही फसवं. निवडणुकीच्या दिवसांत चॅनेलवर ज्योतिषी नेत्यांच्या कुंडल्या मांडून मुख्यमंत्री ठरवतात. तो अर्धा तासही 'बातम्या पाहिल्या' मध्येच जमा होतो. शनी कोणाच्या राशीला आहे हे कळतं, विधानसभेत बहुमताला १४५ लागतात हे राहूनच जातं.

एकटं दूरदर्शन होतं तेव्हा सातच्या बातम्या सगळ्या घरावर आदळायच्या; कंटाळत का होईना, चार नावं कानावर पडायची. आता रिमोट हातात आहे. ज्याला नको तो मालिका लावतो, ज्याला हवं तो दिवसभर बातम्याच पाहतो. अमेरिकेत केबल टीव्ही आल्यावर राज्यशास्त्राचे अभ्यासक मार्कस प्रायर यांना हेच दिसलं होतं.

ठेल्यावर मी हे काही सांगितलं नाही. घरखर्चाला दिलेले पैसे महिनाअखेरीस संपले की बायको पुन्हा मागते, तसं सरकार मागते, एवढंच म्हणालो. तो हसला, "मंग मागू द्या नं!" तिसऱ्या दिवशी पेपरची घडी उघडून त्याने बोट ठेवलं, "रस्त्याले एवढे मागितले, अन् आपल्या गल्लीतला खड्डा?"