हस्तनिर्मित वॉल्व्ह ॲम्प्लिफायर

घरी संगीत ऐकण्यासाठी एखाद्या कारागिराने किंवा दोन-चार माणसांच्या छोट्या कार्यशाळेने, बहुधा मागणीनुसार, हाताने जुळवलेला आणि ट्रान्झिस्टरऐवजी वॉल्व्हवर, म्हणजे निर्वात नलिकांवर चालणारा ध्वनिवर्धक. बाजारात यालाच ‘बुटिक’ ॲम्प्लिफायर म्हणतात. याचे प्रकार अनेक आहेत. पण या छंदातले बहुतेक प्रेम आणि बहुतेक वाद ज्याच्याभोवती गोळा झाले, तो प्रकार म्हणजे ‘३००बी’ या ट्रायोड वॉल्व्हचा सिंगल-एंडेड ॲम्प्लिफायर. या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

ट्रायोडमध्ये तीन भाग असतात : तापून इलेक्ट्रॉन सोडणारी तार, ते ओढून घेणारी प्लेट आणि दोहोंच्या मधली जाळी. जाळीवरचा विद्युत्‌दाब जरासा हलला की प्लेटपर्यंत पोचणारा प्रवाह बराच हलतो. सगळे वर्धन एवढ्यावर चालते. ३००बी हा वॉल्व्ह अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३८ मध्ये आणला. दूरध्वनीची यंत्रणा आणि बोलपटांची चित्रपटगृहे ही त्याची कामाची ठिकाणे होती. घरातल्या दिवाणखान्याचा विचार तेव्हा कोणी केलेला नव्हता. हा वॉल्व्ह टिकाऊ हवा होता, आणि जाळीवरच्या बदलाला त्याने सरळ, समप्रमाणात प्रतिसाद द्यायला हवा होता, कारण चूक दुरुस्त करणारी मंडळे तेव्हा बाल्यावस्थेत होती. नंतरच्या पिढ्यांना तो आवडला तो याच सरळपणामुळे.

सिंगल-एंडेड रचनेत ध्वनीच्या लहरीचे वरचे आणि खालचे दोन्ही अर्धे एकच वॉल्व्ह उचलतो. याउलट ‘पुश-पुल’ रचनेत दोन वॉल्व्ह दोघांनी मिळून करवत ओढावी तसे आलटून-पालटून जोर लावतात. पुश-पुलमधून ताकद पुष्कळ मिळते. एकट्या ३००बीमधून जेमतेम ८ वॅट निघतात, आणि तेवढ्यासाठीसुद्धा त्याला गाणे चालू असो वा नसो, पूर्ण प्रवाहावर तापत राहावे लागते. दोन बाजूंचा मिळून १६ वॅटचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर भिंतीतून सहज १०० वॅटहून जास्त वीज घेतो. बाकीची सगळी उष्णता होते.

मग हा खटाटोप कशासाठी? वॉल्व्हचा आवाज गोड असतो, असे सर्रास म्हटले जाते. ते खोटे नाही, पण त्याने काहीच उलगडत नाही. कोणताही वर्धक मूळ स्वरात स्वतःचे काही मिसळतो. सिंगल-एंडेड ट्रायोड जे मिसळतो ते मुख्यतः मूळ कंप्रतेच्या दुप्पट असते, म्हणजे षड्जावर वरचा षड्ज. पुश-पुल रचनेत ही दुपटीची भर परस्परांना छेदून जाते आणि शिल्लक राहते ती तिपटीची, म्हणजे तार सप्तकातल्या पंचमाची. तानपुऱ्याची जवारी नीट लागली की एका तारेतून वरचे स्वर कसे उमलतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला दुपटीची भर कानाला का खुपत नाही हे वेगळे सांगायला नको. तरी ती भर आहेच. मोजमापाच्या कागदावर असा ॲम्प्लिफायर कोणत्याही साध्या ट्रान्झिस्टर यंत्रापुढे हरतो. पूर्ण ताकदीवर त्याची विकृती काही टक्क्यांपर्यंत जाते. मात्र ती हळूहळू वाढत जाते. वॅटभराच्या आत, जिथे घरातले बहुतेक ऐकणे होते, ती फार थोडी असते. प्रस्तुत लेखकाच्या मते या यंत्राचे खरे सामर्थ्य त्या पहिल्या वॅटमध्ये आहे. मंद आवाजात लावलेल्या ख्यालात गायकाचा श्वास आणि मींडेची घसरण तिथे स्पष्ट उरते.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर : मंडळ इतके साधे असते की त्याचा आराखडा वहीच्या एका पानावर मावतो. कारागिराचे कसब दिसते ते लोखंडात. ३००बीच्या प्लेटला सुमारे ३,५०० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. हा सांधा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जुळवतो : प्राथमिक वेटोळ्याचे साधारण २१ वेढे, तर दुय्यम वेटोळ्याचा १. इथवर गणित सोपे आहे. पण सिंगल-एंडेड रचनेत वॉल्व्हचा ६० ते ८० मिलिॲम्पिअरचा एकदिश प्रवाह सतत प्राथमिक वेटोळ्यातून वाहत असतो, आणि गाभा एकाच दिशेने चुंबकित होत संपृक्त होऊ पाहतो. ते टाळायला गाभ्यात कागदाच्या जाडीची फट मुद्दाम ठेवतात. फट ठेवली की प्रवर्तकता, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा वेटोळ्याचा गुण, घटते आणि खर्ज पातळ होतो. ती भरून काढायला गाभा मोठा घ्यावा आणि वेढे वाढवावेत, तर वेढ्यांमधली धारिता (वीज साठवण्याचा गुण) आणि चुंबकीय गळती वाढून वरचे स्वर बोथट होतात. म्हणून प्राथमिक आणि दुय्यम वेटोळी थराथराने विभागून एकमेकांत गुंफतात. किती थर, कोणत्या क्रमाने, मध्ये कागद किती जाडीचा, हे ज्याचे त्याचे गुपित असते. जपानची तामुरा (स्थापना १९२४) आणि स्वीडनची लुंडाल (१९५८) या कंपन्यांचे ट्रान्सफॉर्मर जगभरचे छोटे कारागीर विकत घेऊन वापरतात. काही जण मात्र स्वतःच्या हाताने गुंडाळतात, आणि त्यांच्या यंत्राची ओळख तिथेच ठरते. तांबे-लोखंडाच्या या भारामुळे ८ वॅटचे यंत्र उचलायला दोन माणसे लागू शकतात.

आत छापील सर्किट बोर्ड बहुधा नसतो. सुटे भाग टॅग स्ट्रिपवर, म्हणजे धातूच्या कड्या बसवलेल्या पट्टीवर, किंवा थेट वॉल्व्हच्या सॉकेटवर बसवून एकेक सांधा हाताने डाखलेला असतो. यात आवाजापेक्षा दुरुस्तीचा फायदा मोठा आहे : कोणताही भाग वीस वर्षांनीही सुटा काढता येतो.

इतिहास : घरगुती वॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा भर सुरुवातीला पुश-पुलवरच होता. इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. भरपूर फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा अंश परत आत आणून चूक दुरुस्त करणे) आणि फार काळजीने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर यांच्या जोरावर त्याची विकृती ०.१ टक्क्याच्या आत होती, आणि तो असंख्य लोकांनी घरी बनवला. पुढे क्वाड, लीक, मॅकिंटॉश अशा कंपन्यांचा काळ आला. अमेरिकेतील डायनाकोने १९५९ मध्ये घरी जुळवायच्या सुट्या भागांच्या संचात आणलेला ‘स्टीरिओ ७०’ त्यातलाच. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि पश्चिमेकडे हे सारे अडगळीत गेले.

जपानमध्ये ते गेले नाही. ‘मुसेन तो जिक्केन’ हे १९२४ पासूनचे मासिक वॉल्व्हचे आराखडे छापतच राहिले, तोक्योच्या अकिहाबारा बाजारात सुटे भाग मिळतच राहिले, आणि अमेरिकी चित्रपटगृहांतून काढून टाकलेली वेस्टर्न इलेक्ट्रिकची यंत्रे जपानी रसिकांनी मोल देऊन नेली. हिरोयासू कोंदो यांनी १९७६ मध्ये ऑडिओ नोट ही कार्यशाळा काढली. ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याऐवजी चांदीची तार गुंडाळण्यापर्यंत ते गेले. २११ या वॉल्व्हवरचा त्यांचा ‘ओंगाकू’ (जपानीत अर्थ : संगीत) पाश्चात्त्य जगात या प्रकाराच्या पुनरागमनाचे कारण ठरला. हिरव्या पेटीतली यंत्रे बनवणाऱ्या केन शिंदो यांची वाट वेगळी होती. जुने, न वापरलेले वॉल्व्ह साठवून त्यांच्याभोवती ते आराखडा रचत. चिबा प्रांतातल्या तातेयामा गावी उपाहारगृह चालवणारे सुसुमू साकुमा तर वर्धनाच्या दोन टप्प्यांमधल्या जोडणीतही कपॅसिटरऐवजी (वीज साठवणारा सुटा भाग) ट्रान्सफॉर्मरच वापरत आणि एकाच स्पीकरवर, मोनोमध्ये ऐकत. तिघांची मते एकमेकांशी जुळणारी नव्हती. या परंपरेत प्रमाण आराखडा असा नाही, हाच तिचा जिवंतपणा.

स्पीकरची जोडी : हा ॲम्प्लिफायर घेणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. आज दुकानात मिळणारा बराचसा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८५ ते ८८ डेसिबल आवाज देतो. डेसिबलचे माप असे, की १० डेसिबल वाढवायला दसपट ताकद लागते. म्हणजे ९८ डेसिबलचा स्पीकर ८ वॅटवर जेवढा बोलेल, तेवढे ८८ डेसिबलच्या स्पीकरकडून बोलवून घ्यायला ८० वॅट हवेत. म्हणून अशा यंत्राबरोबर मोठ्या पेटीतले हलक्या कागदी पडद्याचे स्पीकर किंवा कर्णे लावतात. चित्रपटगृहांतही कर्णेच होते. शिवाय फीडबॅक नसलेल्या यंत्राचा स्वतःचा अंतर्गत रोध २-३ ओहम असतो, आणि स्पीकरचा रोध स्वरागणिक बदलत असल्याने आवाजाचा तोल दोघांच्या मेळावर ठरतो. एकच ॲम्प्लिफायर दोन घरांत वेगळा वाजतो तो यामुळे. आधी स्पीकर, मग ॲम्प्लिफायर हा क्रम सोडू नये. आणि चालू यंत्राचा स्पीकर कधीही काढू नये. भार नसताना ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा दाब त्याची वेटोळी जाळू शकतो.

वापर व निगा : जुन्या वॉल्व्हच्या रेडिओसारखेच याला तापायला वेळ द्यावा लागतो. ३००बीमध्ये तापणारी तारच इलेक्ट्रॉन सोडते, त्यामुळे ती साध्या घरगुती विजेवर तापवली तर ५० हर्ट्‌झची गुणगुण स्वरात शिरते. कर्ण्याच्या स्पीकरवर ती लगेच ऐकू येते. चांगला कारागीर ती तार एकदिश प्रवाहावर तापवतो किंवा गुणगुण बुजवणारा समतोल ठेवतो. नव्या यंत्राची पारख करताना गाणे न लावता स्पीकरला कान लावावा.

वॉल्व्ह सहसा काही हजार तास चालतो. काचेच्या आतला आरशासारखा डाग उरलीसुरली हवा शोषणाऱ्या बेरियमचा असतो. तो पांढरा पडला तर आत हवा शिरली आहे आणि वॉल्व्ह संपला. काचेलगत दिसणारी निळी झाक निरुपद्रवी असते. प्लेट लाल झाली तर क्षणभरही न थांबता बटण बंद करावे. ३००बीच्या यंत्रात ४०० व्होल्टच्या आसपास आणि २११ च्या यंत्रात १,००० व्होल्टच्या घरात दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. तळाची पत्रा-झाकणी जाणकाराखेरीज कोणी उघडू नये. लहान मुलांच्या घरात वॉल्व्हवर जाळीचा पिंजरा हवाच.

नव्या वॉल्व्हचे उत्पादन आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये होते. मूळ ३००बीचे उत्पादन १९८८ मध्ये थांबले होते. ते अमेरिकेत १९९७ मध्ये पुन्हा सुरू झाले. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकापासून रेडिओचे वॉल्व्ह बनवले. त्यांचा ईएल८४ हा छोटा पॉवर वॉल्व्ह अजून जुन्या बाजारात हाती लागतो, आणि त्यावर बांधलेला लहान ॲम्प्लिफायर नवशिक्यासाठी ३००बीपेक्षा शहाणपणाची सुरुवात आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली इथे रोधक, कपॅसिटर, डाख हे सगळे मिळते.

जपानहून वापरलेले यंत्र मागवणाऱ्याने एक गोष्ट आधी तपासावी. तिथली घरगुती वीज १०० व्होल्टची आहे, आपली २३०. मध्ये दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर न लावता जोडलेले यंत्र वाचत नाही. जपानच्या पश्चिम भागात वीज ६० हर्ट्‌झची असते, त्यामुळे फक्त त्याच कंप्रतेसाठी गुंडाळलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्‌झवर अधिक तापतो आणि घरघरतो. यंत्र कोणाचेही असो, आराखड्याचे पान आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचा तपशील कारागिराकडून विकत घेतानाच मागून ठेवावा. एका माणसाच्या कार्यशाळेला वारस असतोच असे नाही, आणि तो कागद हाती असेल तर गावातला वेटोळी भरणारा कारागीरही पुढे कधी जळालेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळू शकतो.