विकिपीडियावरील संदर्भाचे आणि तटस्थतेचे वाद : नियम कसे घडत गेले

विकिपीडियावरील एखाद्या लेखातील वाक्यावरून वाद पेटला, की चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, पहिला सवाल येतो तो संदर्भाचा : हे कोणी आणि कुठे छापले आहे? जानेवारी २००१ मध्ये हा ज्ञानकोश सुरू झाला तेव्हा असा सवाल करण्याची सक्ती नव्हती. त्याआधी, मार्च २००० पासून, जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांचा न्यूपीडिया हा प्रकल्प चालू होता व तेथे प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या तपासणीच्या अनेक पायऱ्यांतून जात असे. विकिपीडियाने तपासणी सोडून दिली, मात्र निःपक्षपातीपणाची अट ठेवली. म्हणजे तटस्थतेचे धोरण आधी आले आणि ती तटस्थता कशाच्या आधारे जोखायची, हे ठरायला आणखी दोन वर्षे गेली. पुढील बहुतेक भांडणांचे मूळ मला या उलट्या क्रमातच दिसते.

मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, त्यामुळे विधानाची जबाबदारी कोणाची हे वाचकाला कळते. टोपणनावाने लिहिणाऱ्यांच्या ज्ञानकोशात ही सोय नाही. भौतिकशास्त्रावरील लेखांत स्वतःचेच सिद्धान्त घुसवू पाहणाऱ्या हौशी मंडळींशी वाद घालून संपादक थकले, तेव्हा २००३ मध्ये पडताळण्याजोगेपणा आणि ‘मूळ संशोधन नको’ ही दोन धोरणे आकाराला आली. सिद्धान्त खरा की खोटा, याचा निवाडा करण्याऐवजी तो विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध झाला आहे का, एवढेच पाहायचे ठरले. त्याच वर्षी वेल्स यांनी अल्पमताला त्याच्या वजनापेक्षा अधिक जागा देऊ नये, असे सुचवले आणि सर्व बाजूंना सारखी जागा म्हणजे तटस्थता, हा समज निदान कागदावर तरी मोडीत निघाला.

संदर्भ दोन्ही बाजूंकडे भक्कम असले तर काय, याचे उत्तर मात्र या धोरणांत नव्हते. पोलंडमधील ग्दान्स्क शहराला जर्मन नावाने, म्हणजे डान्झिग असे, कधी म्हणायचे यावरून इंग्रजी विकिपीडियावर प्रदीर्घ संपादनयुद्ध झाले. एकाने नाव बदलायचे, दुसऱ्याने ते उलटवायचे. एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा बदल उलटवणाऱ्याला रोखण्याचा नियम २००४ पासून अमलात होता, तरीही हे थांबेना. अखेर २००५ च्या सुरुवातीला मतदान घेऊन १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग आणि एरवी ग्दान्स्क, असा तोडगा काढण्यात आला. गंमत अशी, की हा तोडगा राबवण्यासाठी केलेल्या उलटवण्या त्या तीनांच्या मर्यादेत मोजायच्या नाहीत, असेही त्याच मतदानात ठरले. जिथे निर्णय सहमतीने व्हावेत असा आग्रह आहे, तिथे मते मोजण्याची पाळी यावी, हे त्या भांडणाच्या चिवटपणाचेच लक्षण होते.

त्याच वर्षी अमेरिकी पत्रकार जॉन सीगेंथेलर यांच्या चरित्रलेखात कोणी तरी केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा खोटा मजकूर टाकला आणि तो चार महिने तसाच राहिला. सीगेंथेलर यांनी नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रात लेख लिहिल्यावर हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे, कडक धोरण आले : वादग्रस्त आणि संदर्भहीन मजकूर चर्चेची वाट न पाहता काढून टाकायचा. पुढे खुद्द संदर्भांचीही प्रतवारी सुरू झाली आणि २०१७ मध्ये ब्रिटनचे डेली मेल हे खपाचे दैनिक सर्वसाधारणपणे अविश्वसनीय ठरवले गेले.

मराठी विकिपीडिया मे २००३ पासून चालू आहे. संदर्भहीन वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ हा साचा, म्हणजे तयार शेरा, तेथेही लावला जातो, पण कित्येक विषयांवरचे मराठी साहित्य केवळ छापील असल्याने तो शेरा वर्षानुवर्षे तसाच राहतो.

भारतात हे वाद अलीकडे चर्चापानाबाहेर गेले आहेत. एएनआय या वृत्तसंस्थेने स्वतःवरील लेखातील मजकूर बदनामीकारक असल्याचे सांगत २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्या खटल्याविषयीचे पानच हटवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी रद्द केला. बदनामीचा मूळ दावा मात्र या निकालाने मिटला नाही.