रॉसची सुई आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव

ब्रिटिश नौदलातील अधिकारी जेम्स क्लार्क रॉस यांनी 1 जून 1831 रोजी, आज कॅनडात असलेल्या बूथिया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका चुंबकसूचीचे वाचन घेतले. ही सूची होकायंत्रातल्यासारखी आडवी फिरणारी नव्हती. आडव्या आसावर बसवलेली असल्यामुळे ती उभ्या पातळीत खाली-वर झुकत असे. चुंबकीय विषुववृत्तावर अशी सूची आडवी राहते आणि चुंबकीय ध्रुवाकडे जावे तसतशी अधिकाधिक खाली कलते. त्या दिवशी तिचा कल 89 अंश 59 मिनिटे भरला, म्हणजे काटकोनाला अवघे एक मिनिट कमी. दोऱ्याने टांगलेल्या आडव्या सूच्या मात्र कोणतीच दिशा धरीनात, कारण तेथे चुंबकीय बल जवळजवळ सरळ खाली ओढत होते. म्हणजेच रॉस पृथ्वीच्या उत्तर चुंबकीय ध्रुवापाशी पोहोचले होते.

एवढ्या महत्त्वाच्या जागी निसर्गाने खूण म्हणून काहीच उभारले नाही, याची खंत रॉस यांनी लिहून ठेवली आहे. सोबत्यांनी मग दगडांची रास रचून तिच्यावर झेंडा लावला. ही खंत अनाठायीच म्हणायची, कारण पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातील द्रवरूप लोहाच्या हालचालींमुळे चुंबकीय ध्रुव सतत सरकत असतो आणि आज तो कॅनडा मागे टाकून सायबेरियाच्या दिशेने गेला आहे.

वयाची बारा वर्षे पुरी होण्याआधीच रॉस काका जॉन रॉस यांच्या हाताखाली नौदलात दाखल झाले होते. पुढे एडवर्ड पॅरी यांच्या उत्तर ध्रुव प्रदेशातील मोहिमांत ते तयार झाले. बूथियाचे मोजमाप झाले तेव्हा काकांचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज बर्फात अडकून पडलेले होते.

1839 मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजे घेऊन जेम्स रॉस दक्षिणेकडे निघाले. जगभर एकाच वेळी चुंबकीय नोंदी घेण्याच्या व्यापक योजनेचा ही मोहीम भाग होती. सेंट हेलेना बेट, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचे केप आणि टास्मानियातील होबार्ट येथे रॉस यांनी वेधशाळांची सोय लावली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून सुरू झालेल्या चुंबकीय नोंदींमागेही हीच प्रेरणा होती.

उखळी तोफांचा हादरा सोसण्यासाठी बांधलेली ही दणकट जहाजे जानेवारी 1841 मध्ये तरंगत्या बर्फाचा पट्टा फोडून खुल्या समुद्रात शिरली. जर्मन गणितज्ञ गाऊस यांनी गणिताने वर्तवलेल्या जागेपेक्षा दक्षिण चुंबकीय ध्रुव बराच अधिक दक्षिणेला असल्याचे सूचीच्या कलावरून दिसत होते, पण वाटेत व्हिक्टोरिया लँडची पर्वतमय भूमी आडवी आली. पुढे धूर ओकणारा माउंट एरेबस दिसला आणि त्यापलीकडे बर्फाचा प्रचंड कडा, ज्याला आज रॉस हिमतट म्हणतात. ध्रुवावर पाऊल ठेवता आले नाही, तरी जहाजावरील वाचनांवरून त्याचे स्थान जमिनीवर आत असल्याचे त्यांनी निश्चित केले. प्रत्यक्ष जाऊन केलेल्या पहिल्या शोधापेक्षा मला हे दुरून काढलेले उत्तर अधिक मोलाचे वाटते. त्या ध्रुवाच्या परिसरात माणसे पोहोचली ती थेट जानेवारी 1909 मध्ये, शॅकल्टन यांच्या मोहिमेतील डेव्हिड, मॉसन आणि मॅके.